एक जिना, दोन माळे

शहापूरच्या बाजारात दिपिका पडवळचं ऑफिस आहे ते खताच्या दुकानाच्या डोक्यावर. बाहेरून लोखंडी जिना. जिना कसला, शिडीला कठडा लावलाय. पाय ठेवला की पत्रा धडधडतो, आणि पायरी अशी उभी की वर येणाऱ्या गिऱ्हाइकाची निम्मी हौस खालीच राहते. टेबलाशी पोचल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "पाणी हाय काय गो?" दिपिका त्या जिन्याला रोज दोनदा शिव्या घालते, एकदा चढताना, एकदा उतरताना.

तिला तेवढा हक्क आहे. ती आर्किटेक्ट आहे.

म्हणजे नक्की कोण, ते लोकांचं अजून ठरलेलं नाही. कोणी इंजिनियर मॅडम बोलतो, कोणी नकाशावाली. किन्हवलीचा एक म्हातारा तिला 'आरकीटाक बाय' बोलतो. बैलाला टोचतात ती आर, आणि ही बाई ती टाकते, असा त्यानं आपला अर्थ लावून घेतलाय. दिपिकाला तो अर्थ पटतो. घर बांधायला निघालेल्या माणसाला थोडं टोचावंच लागतं, नाहीतर तो मिस्त्रीच्या मागून मान खाली घालून चालत राहतो.

ती म्हशाजवळच्या खेड्यातली. घरची भातशेती. मुंबईत शिकली, तिथंच एका बड्या ऑफिसात चिकटली. बावीस मजल्यांची बिल्डिंग होती, आणि हिच्या वाट्याला आले बावीस मजल्यांचे संडास. कुठली टाइल कुठून कापायची, एवढंच आखत बसायचं. एक दिवस उठली नि घरी आली. आई बोलली, "गावात घर बांधायला मिस्त्री हाय. नकाशा काढायला मिस्त्रीची काठी हाय. तू काय करशील, काठी धरशील?"

"काठी बरोबर धरलेय का ते बघीन," दिपिका बोलली.

आणि बघायला लागली. कुंपणं केली, गोठे केले, कोंबड्यांच्या शेडी केल्या, गावाच्या वेशीवरच्या कमानी केल्या. घरंही केली. घर करताना ती चौरस फूट विचारत नाही. विचारते, "पंगत किती माणसांची बसते? हळदीला अंगणात नाचणारे किती?" ठाणे जिल्ह्यात ज्या घराच्या अंगणात हळद मावत नाही ते घर फुकट, हे तिला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नव्हतं. तिच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मनस्वी, आटगावची पोर, चेहरा जराही न हलवता बोलते, "मॅडम, त्या घरात बेडरूम लहान झाली तरी चालंल. नवरा-नवरी काय, डीजे मोठा पायजे."

पण दिपिकाच्या हातून एक गोष्ट झाली नव्हती. जिना झाला नव्हता.

आपल्याकडं घर बांधतात ते एकमजली. पुढं पोराचं लग्न ठरलं की वर दोन खोल्या चढवतात, आणि खोल्या झाल्यावर आठवतं, वर जायचं कसं? मग वेल्डरला बोलावतात. वेल्डर येतो, भिंतीला टेकून लोखंड जोडतो, जेवतो, जातो. शहापूर-मुरबाडात जिना हे वेल्डरचं खातं आहे. आर्किटेक्टनं त्यात तोंड घालायचं नाही.

आणि हिला तर जिन्याचं वेड. कुठंही गेली की आधी पायरीवर पाय ठेवून बघणार. आटगाव स्टेशनचा पूल असो, कचेरी असो, देऊळ असो, खाली बसून पायरीला वीत लावणार. "वीत भरली की पायरी मेली," असं तिचं म्हणणं. पायरी वितीच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे माणूस बोलत बोलत चढतो. वितीच्या वर गेली की गप्प होतो, आणि गप्प माणसाला घर आवडत नाही. चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती नि ही हॉलच्या जिन्यावर बसून वीत मारत होती. आई तिथंच बोलली, "त्या जिन्याशीच लाव गो लगीन. अंतरपाट मी धरते."

असं सगळं चाललेलं असताना एक दिवस ऑफिसचा लोखंडी जिना चौघांच्या वजनानं धडधडला.

पुढं लडकू उघडे. भातसानगरला धरणावर नोकरी, दारं उघडायची नि लावायची. नाव उघडे नि काम उघडायचं, म्हणून सगळ्या वसाहतीत त्याची मस्करी. उभी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये काढली, आता निवृत्ती आली होती. मागं बायको धोंडीबाई. तिच्यामागं मुलगा सुनिल, कल्याणला कामाला जाणारा, आणि त्याची बायको शीतल. डोळखांबच्या पुढं पळसटेंभी नावाचं त्यांचं गाव. तिथं वाटणीची जागा होती, घर नव्हतं.

"घर बांधायचंय," लडकू बोलला, आणि दम घेऊन, "पण आधी पाणी."

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं एकच बोट वर केलं. "बाय, बाकी तुला काय करायचं ते कर. एक गोष्ट पायजे. माळा."

"माळा तर पायजेच," सुनिल बोलला.

शीतलनं मान डोलावली. धोंडीबाई बोलली, "माळ्याबगर घर काय कामाचं?"

मनस्वीनं कॉम्प्युटरमागून डोकं काढलं. "सगळ्या घराचं एकमत? असं गिऱ्हाईक आपल्याकडं पयल्यांदाच आलं मॅडम."

दिपिकाला तिचं बोलणं ऐकू गेलं नाही. तिच्या डोक्यात एकच शब्द वाजत होता. माळा म्हणजे वर जायचं. वर जायचं म्हणजे जिना. बाहेरून चिकटवलेला नव्हे, घराच्या पोटातला, पायापासून घरासोबत वाढलेला जिना! चौघं खाली उतरेपर्यंत तिनं कागदावर तो काढायलासुद्धा घेतला होता.

पुढचे काही आठवडे मनस्वीचे हाल झाले. जिना सरळ नको, वळणाचा पाहिजे. अर्ध्यावर वळायचं, वळणावर छोटी खिडकी, खिडकीतून गावामागचा आजोबाचा डोंगर दिसला पाहिजे. "डोंगर नीट दिसत नाय, खिडकी वर घे." मग "आता नुसतं आभाळ दिसतंय, खाली घे." मनस्वी बोलली, "मॅडम, डोंगरच थोडा सरकवू काय?"

दिपिकाची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला ती कागदावरचा नकाशा दाखवून मोकळी होत नाही. कागद बघून माणूस मान हलवतो ती आदरानं हलवतो, समजून नव्हे. म्हणून ती जागेवर जाते, चुन्याची फक्की घेते, आणि अख्खं घर खऱ्या मापानं जमिनीवर पांढऱ्या रेघांनी काढते. मग घरच्यांना आत सोडते. "आता अर्धा दिवस इथं ऱ्हावा," बोलते. माणसं आधी लाजतात. घटकाभरानं लाज जाते नि चुली मांडायला लागतात.

पळसटेंभीतही तसंच झालं. धोंडीबाई रेघांच्या स्वयंपाकघरात उकिडवी बसली नि नसलेल्या भाकरी थापायला लागली. शेजारीण अनिता बघायला आली ती सरळ रेघ ओलांडून आत.

"भिंतीतून काय येतंस मेले!" धोंडीबाई ओरडली. "दार त्या अंगाला हाय!"

"मला दिसत नाय गो दार!"

"मग कडी वाजव!"

अनिता मागं गेली, दाराशी आली, तोंडानंच कडी वाजवली, आणि मगच तिला आत घेतलं. लडकू हात मागं बांधून खोल्याखोल्यांतून फिरत होता. एका लांबट चौकोनाशी थांबला. "हे काय गो बाय?"

"जिना, काका. माळ्यावर जायला."

लडकू खूश होऊन हसला. "माळ्यावर जायला जिना? लय लाड करतेस माझे."

दिपिकाला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा कळला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण ती त्या चौकोनात उभी राहून मनातल्या मनात वळण घेत होती.

काम सुरू झालं. पाया झाला, कॉलम उभे राहिले. लडकूच्या नोकरीची शेवटची गडबड, तो काही साइटवर फिरकला नाही. सुनिल सुट्टीच्या दिवशी बघायचा. पौष लागला, म्हशाची जत्रा तोंडावर आली. जत्रा एकदा लागली की मिस्त्री, बिगारी, मिक्सरवाला, सगळी तिकडं. माणूस शोधायला गेलात तर बैलबाजारात सापडेल, पण तो बैलाचे दात बघत असतो, तुमच्याकडं बघत नाही. म्हणून नामा मिस्त्रीनं आधीच बजावलं, "मॅडम, स्लॅब जत्रेच्या आत. नायतर माझं तोंड थेट शिमग्याला बघा."

स्लॅबचा दिवस म्हणजे घराचं लग्नच. सकाळपासून पळसटेंभीत मोठा टोप चढला होता, मटण शिजत होतं. पावणे आले होते, काही कामाला, बरेचसे टोपाकडं बघायला. खडीचा ढीग, वाळूचा ढीग, मिक्सर धडधडतोय, बाया डोक्यावर चुंबळ ठेवून घमेल्यांच्या रांगेला उभ्या. दिपिका वर होती, सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांवर, सळयांच्या जाळीतून पाय टाकत. जिन्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेभोवती ती चारचारदा फिरली. आज हा स्लॅब पडला की जिना पक्का. मग कोणी वेल्डर, कोणी ब्रह्मदेव तो काढू शकणार नाही.

एवढ्यात लडकू वर आला. नवा सदरा, हातात नारळ. चारी बाजूंना बघितलं, खूश झाला. मग त्याची नजर कॉलमांतून वर निघालेल्या सळयांवर गेली. सळया त्याच्या डोक्यावरून पार वर गेल्या होत्या.

"ह्या एवढ्या उंच कशाला?"

"माळ्यासाठी, काका."

"माळ्याला एवढी उंची?" लडकू हसायला लागला. "का गो, पोती काय उभी निजतात?"

नामा मिस्त्री हसला. दोन बिगारी हसले. सुनिल हसला नाही.

"कसली पोती, बाबा?"

"भाताची. माळ्यावर आणिक काय ठेवतात?"

"माळ्यावर बेडरूम हाय आमची!"



आता त्या शब्दाचा घोळ बघा. गावात माळा म्हणजे छपराखालची ती वाकून जायची जागा, जिथं भात, बी-बियाणं, कांदे, जुने कंदील ठेवतात नि जिथं शिडीनं चढतात. मुंबईत माळा म्हणजे मजला. तिसऱ्या माळ्यावर राहतो, पाचव्या माळ्यावर ऑफिस आहे. बाप गावचा माळा बोलत होता, पोरगा मुंबईचा. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून इतके महिने 'माळा पायजे, माळा पायजे' चाललं होतं, आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळी घरं उभी होती. आणि दिपिका? ती दोन्हीकडची. तिला दोन्ही अर्थ ठाऊक. पण तिला जिना हवा होता, म्हणून तिच्या कानानं जिन्यासकटचा अर्थ उचलला. फक्कीनं घर आखून दाखवलं, सगळ्यांना फिरवलं, तरी चूक सापडली नाही, कारण फक्कीला उंची नसते.

"नारळ ठेवून द्या," लडकू बोलला. "हा स्लॅब पडणार नाय."

"बाबा, माणसं आलीत, मिक्सर चालू हाय..."

"मिक्सर बंद होतो. उभी नोकरी मी भावाच्या माळ्यावर भात ठेवलं रे! माझ्याच भाताचं पोतं काढायला त्याच्या बायकोला हाक मारायला लागायची. आता माझ्या घरात पण माझं भात पडवीत उंदरांना देऊ? का तुझ्या बेडरूमात ठेवू, उशाला?"

"आणि मी शीतलला काय सांगू? वर खोली, वर खोली करत दोन पावसाळे काढले!"

शीतल खाली घमेल्यांच्या रांगेत होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिचं घमेलं जाग्यावर थांबलं नि मागची सगळी रांग थांबली.

नामा दिपिकाच्या जवळ आला. "मॅडम, काय ते सांगा. सिमेंटला ह्यांच्या घरचं भांडण कळत नाय, ते धरायला लागतं."

दिपिकाला सगळं लख्ख दिसत होतं. आज स्लॅब थांबला तर जत्रा होईल, जत्रेनंतर लग्नं लागतील, कोणी सांगेल मधला मार्ग म्हणून पत्रा टाका, शिडी लावा. नायतर वेल्डरला बोलवा. आणि बापाचं ऐकलं तर सळया कापायच्या, जिन्याची जागा बुजवायची, एक माणूस जाईल एवढं भोक ठेवायचं. पोराचं ऐकलं तर लडकू त्या घरात पाऊल टाकणार नाही. दोन वाटांवर जिना मरत होता, तिसरीवर घरच.

"शिडी लावू मी माळ्याला," लडकू ठासून बोलला. "मला जिना नको, बिना नको."

तेव्हा खालून टोपाजवळून आवाज आला. "शिडी? कोण बोलला शिडी?"

धोंडीबाई. हातात डाव तसाच.

"तुझ्या भावाच्या माळ्यावर पोतं कसं जायचं ते सांग सगळ्यांना! तू वरून दोरी ओढायचास, नि खालून डोकं कोण लावायचं? मी! पोत्याखाली माझं डोकं, डोक्याखाली शिडी, शिडीखाली तुझी भावजय हसणार. मान बघ माझी, कुठं ऱ्हायलेय काय? मला जिना पायजे. माळा तुमचा कुठलाबी ठेवा, माणसांचा नायतर म्हशींचा. जिना पायजे!"

दिपिकाला ती बाई तिथल्या तिथं उचलून घ्यावीशी वाटली. आणि त्याच दमात लडकूची मघाची मस्करी तिच्या डोक्यात उलटी फिरली. पोती काय उभी निजतात? नाय निजत! पोती आडवी निजतात. उभी राहतात ती माणसं!

"बांबू आणा!" ती ओरडली. "लांबातले लांब चार बांबू! पळा!"

सेंट्रिंगचे बांबू होतेच. तिनं चार बिगारी दोन बाजूंना कडेला उभे केले. बांबूंचे बुडखे कंबरेच्या उंचीला धरायचे, शेंडे मधोमध वर नेऊन एकमेकांना टेकवायचे. प्लेटांवर एका झटक्यात घराचं छप्पर उभं राहिलं, नुसत्या काठ्यांचं, पण खऱ्या मापाचं.

"सुनिल, मधे उभा ऱ्हा. आढ्याखाली. हात वर कर."

सुनिलनं हात वर केले. बांबूंना लागले नाहीत.

"ही तुझी खोली. काका, तुमी इकडं या, कडेला. ह्या सिमेंटच्या गोणीवर बसा."

लडकू वाकून आला, बसला. बांबू त्याच्या डोक्यावरून उतरत गेला होता.

"माणूस उभा ऱ्हाईल काय तिथं?"

"नाय ऱ्हायचा."

"पोतं ऱ्हाईल?"

लडकूनं आजूबाजूला बघितलं. हात पसरून बघितले. एका अंगाला वळचणीपर्यंत, मग दुसऱ्या अंगाला, आणि तो लांबपर्यंत बघतच राहिला. "दोन्ही बाजूंना? भावाच्या माळ्यापेक्षा मोठा हाय हा!"

"वर कौलं. मधे माणसं, कडेला भात. सळया कडेच्या कापायच्या, मधल्या ठेवायच्या. भिंत आडवी घातली की भात वेगळं, खोली वेगळी."

"भाताचा वास येल," खालून शीतल बोलली. तिचा पहिला शब्द.

"डिओचा येण्यापरीस बरा," अनिता बोलली नि घमेल्यांची रांग खदखदली.

पण दिपिका थांबली नव्हती. पोतं जायचं म्हणजे पाठीवर पोतं घेतलेला माणूस जायचा. तिनं आजवर जिना काढला तो मोकळ्या हातांच्या माणसाचा. ती खाली उतरली, पळतच. विटा लावून अंगणात तिनं पायऱ्या मांडायला घेतल्या, तिच्या नकाशातल्या मापाच्या, आणि जिथं वळण होतं तिथं बरोबर वळण. बायाही विटा द्यायला लागल्या. मिक्सरवाल्यानं मिक्सर सोडला नि तोही आला.

"काका, पोतं घ्या पाठीवर."

घरात भाताचं पोतं नव्हतं, सिमेंटची गोणी होती. लडकूनं खाली येऊन ती पाठीवर घेतली, कमरेत वाकला, चढला. पहिल्या पायऱ्यांना ठीक. वळणाशी आला नि अडकला. गोणी एका बाजूला, कोपर दुसऱ्या बाजूला, तोंड विटांकडं. तसाच उभा राहून बोलला, "बाय, इथंच ऱ्हायचं काय आता?"

सगळे हसले. दिपिका हसली नाही. ती त्या वळणाकडं बघत होती. ती खिडकी. तो डोंगर. इतक्या आठवड्यांचं काम. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला डोंगर दिसत नाही, त्याला पायाखालची पायरी दिसते. तिनं पायानंच वळणाच्या विटा बाजूला सारल्या.

"सरळ जाईल," ती बोलली. "पडवीतून सरळ वर. खळ्यातून आलेला माणूस घरात न शिरता वर गेला पायजे. पायरी अजून खाली घ्या. रुंद करा, कोपर मावलं पायजे, नि उतरणारा बाजूनं गेला पायजे."

पुन्हा विटा. पुन्हा लडकू. ह्या वेळी तो गोणी घेऊन चढला नि वरच्या विटेवर उभा राहून बोलायला लागला, दम न लागता. काय बोलला ते दिपिकानं ऐकलं नाही. तो बोलला, एवढं तिला पुरे होतं.

आता स्लॅबमधली मोकळी जागा लांब करायची. दिपिकानं आरसीसीचं गणित करणाऱ्या कल्याणच्या इंजिनियरला फोन लावला. तो आधी चिडला, स्लॅबच्या दिवशी कोणी जिना हलवतं काय. मग तिनं सांगितलं, बीम एकही कापत नाही, पडवीच्या बाजूनं पुढच्या बीमपर्यंत जाते, वरचा मजला जाऊन कौलं येतायत, वजन उलट कमी होतंय. त्यानं तिकडं पुन्हा हिशेब केला नि सांगितलं, कडेला कुठल्या सळया वाढवायच्या ते. दिपिकानं ते विटेच्या तुकड्यानं प्लेटेवरच लिहिलं. नामा नि त्याची माणसं सळया कापायला, बांधायला बसली. नामा तोंडानं कुरकुरत होता नि हातानं सगळ्यांत जोरात काम करत होता. एकदा मान वर करून बोलला, "मॅडम, एक बरं झालं. जत्रेत सांगायला गोष्ट झाली."

नारळ फुटला. मिक्सर पुन्हा धडधडला. पहिलं घमेलं शीतलनं दिलं, आणि दिलं ते सासऱ्याच्या हातात. मटण तोवर जरा जास्तच शिजलं होतं. कोणी नाव ठेवलं नाही.

घर पुरं झालं. कौलं चढली. भाताचं पीक निघालं तेव्हा दिपिका नि मनस्वी मुद्दाम गेल्या. पडवीतून सरळ वर चढणारा जिना, रुंद, बसका, गुळगुळीत. लडकू पाठीवर पोतं घेऊन चढत होता नि चढता चढता भावाला सांगत होता, पाऊस कसा झाला, भात कसं उतरलं. भाऊ बिनपोत्याचा मागून येत होता नि त्यालाच धाप लागली होती.

"वास येतो का गो?" दिपिकानं शीतलला विचारलं.

"येतो ना. त्या वासानं सारखी भूक लागते. बघा, किती जाडी झाले."

धोंडीबाईनं जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, मधल्या पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, वरच्या पायरीवर पोरं. पोत्यांना जायला एका बाजूनं वाट ठेवलेली. दिपिकाला वर जायचं होतं तर तिला मिरच्या ओलांडाव्या लागल्या, म्हाताऱ्यांना सरका बोलावं लागलं, आणि एक म्हातारी बोलली, "बस की इथंच. वर काय हाय?" ती बसली. पायरीला वीत लावली. वीत भरली नाही.

जत्रेत नामानं केलेली गोष्ट अजून फिरत असणार, कारण पीक निघाल्याच्या पुढच्याच महिन्यात ऑफिसचा लोखंडी जिना पुन्हा धडधडला. मुरबाडकडचा एक माणूस, नाव कोंडू. आधी पाणी मागितलं. मग बोलला, "पळसटेंभीला जिना बघितला. तसा जिना पायजे."

दिपिका आता शहाणी झाली होती. "माळा कुठला? पोत्यांचा का माणसांचा?"

"माळा नाय पायजे."

"माळा नाय?"

"घर एकमजली. वर काय नाय करायचं."

मनस्वीची बोटं कीबोर्डवर थांबली. दिपिकानं पेन खाली ठेवलं. "मग काका, तो जिना जाणार कुठं?"

कोंडूनं तिच्याकडं असं बघितलं की शिकलेल्या बाईला एवढंही कसं कळत नाही. "जायचंय कुणाला? आमाला बसायचंय. संध्याकाळचं."

दिपिकानं नवा कागद ओढला. तिचे हात भराभर चालायला लागले होते.

"बसणारे किती असतात तुमच्याकडं?"